छान म्हटलंत, काकू

सातारा, ४ जुलै २०२५

ती. शरयूकाकूंना,
अबोलीचा नमस्कार.

मी सरांच्या समूहगानातली. दर सोमवारी नि गुरुवारी तुमच्या दारात चपला वेड्यावाकड्या टाकून आत पळणारी, उंच, चष्मेवाली. तुम्हाला फोन करावा म्हणून दोनदा नंबर लावला आणि रिंग व्हायच्या आत बंद केला. तुमचा आवाज ऐकला असता तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. म्हणून स्वानंदीताईंकडून सांगलीचा पत्ता मागून घेतला.

शोकसभेत जे झालं त्याची माफी मागायला लिहिते आहे. देवदत्त सरांना त्यांच्याच गाण्यानं निरोप द्यायचा हे आम्हीच ठरवलं होतं. ‘काठाकाठानं चालत जाऊ, एकमेकांना साद देऊ’ हे गाणं सरांनी आमच्यासाठी रचलं, तीन आवाजांत बांधलं. आठवडाभर आम्ही तालीम केली. आणि भरल्या सभागृहात, हार घातलेल्या फोटोसमोर, दुसऱ्या कडव्याला आम्ही हसलो. इतकं की गाणंच थांबलं. सरांचे भाऊ उठून बाहेर गेले ते मी पाहिलं. तुम्ही खाली मान घातलीत, तेही पाहिलं.

काकू, त्या माइकनं शिट्टी मारली हो. ती ऐकून मुकुल फिसकन हसला, त्याच्यामुळे मी, आणि समूहात हसू सुरासारखंच पसरतं, एकाचं दुसऱ्याला लागतं. सरांविषयी कुणाच्याही मनात वावगं नव्हतं.

त्याची क्लिप आता कॉलेजात सगळ्यांकडे आहे. परवा मंडईत एक बाई आईला म्हणाल्या, “ती हसणारी मुलगी तुमचीच ना?” आई “हो” म्हणाली आणि घरी येईपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. ते बरोबरच आहे.

शक्य झालं तर क्षमा करा.

तुमची,
अबोली


सांगली, १३ जुलै

चि. अबोलीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. चपला वेड्यावाकड्या टाकणारी तू, न आठवायला काय झालं? सगळ्यांच्या चपला नीट लावून ठेवायचं काम माझंच होतं.

आता तुला एक सांगते. हे मी स्वानंदीलाही सांगितलेलं नाही. तुम्ही मला हसलात असं मी धरून चालले होते.

मी वाईची. लग्न होऊन आले तेव्हा सारखी काहीतरी गुणगुणायची सवय होती. हे पेटी घेऊन बसले होते. दोन ओळी ऐकल्या आणि हसून म्हणाले, “शरयू, तू ऐकत जा. घरात एक तरी चांगलं ऐकणारं माणूस हवं.” रागानं नाही, अगदी मायेनं म्हणाले. मी ऐकत गेले. अडतीस वर्षं. स्वानंदीला अंगाईसुद्धा म्हटली नाही, नुसतं थोपटून झोपवलं. तुम्ही बैठकीत गायचात तेव्हा मी तुमच्या चहापाशी उभी असायची. तिन्ही आवाज मला पाठ आहेत, पण कधी ओठ हलवले नाहीत.

त्या दिवशी तुम्ही दुसरं कडवं उचललंत आणि मनात आलं, आता आपल्याला गप्प बसवणारं कुणी नाही. नवऱ्याच्या फोटोसमोर बसून बाईच्या मनात असलं काही यावं! पण आलं. मी डोळे मिटून म्हणायला लागले. मग तुमचं हसू ऐकलं. तेव्हापासून घास गोड लागत नव्हता. लोक भेटायला आले की वाटायचं, यांनाही कळलंय. सातारा सोडून इथं लेकीकडे आले त्याचं निम्मं कारण तेच.

शिट्टी मला ऐकूच आली नाही बघ. मी गात होते म्हणून असेल. तुझ्या पत्रानं छातीवरचा धोंडा उतरला. माइकला हसलात ना? मग हसू दे. पोरंच ती. हे असते तर तेही हसले असते.

एक विचारते. तू पहिल्या रांगेत, अगदी माझ्यासमोर होतीस. माझं म्हणणं तुला ऐकू आलं असणारच. बरं होतं का गं? तू सुरातली आहेस, खरं काय ते सांग.

तुझी,
शरयूकाकू


सातारा, २४ जुलै

ती. शरयूकाकूंना,
नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. परीक्षा होत्या.

काकू, तुम्ही छान म्हटलंत. मला सगळं नीट ऐकू आलं. छान होतं.

इकडचं कळवते. आम्हाला आता कुठलाच हॉल मिळत नाही. विचारायला गेलो की “ती हसणारी मंडळी का?” म्हणतात. काहींच्या घरच्यांनी त्यांचं येणं बंद केलं. उरलेले आम्ही यशराजच्या वडिलांच्या गॅरेजच्या शेडमध्ये जमतो. सहाला कामं थांबली की गाड्या बाहेर काढायच्या आणि उभं राहायचं. ऑइलचा वास येतो. गल्लीतल्या बायका सुरुवातीला मुद्दाम बघायला यायच्या, पुन्हा हसतो का ते. आता त्यातल्या दोघीतिघी ऐकायला थांबतात. गॅरेजात काम करणारा गुंडा नावाचा पोरगा परवा नट आवळता आवळता खालचा आवाज गुणगुणत होता. त्याला आम्ही आत घेतलं.

बंद का करत नाही, असं आई विचारते. मला नीट सांगता येत नाही. मी एकुलती, घरात सगळं माझ्या मनासारखं. समूहात मला पहिल्यांदा शेजारच्याचा श्वास ऐकून आपला श्वास घ्यावा लागला. आणि धुळाचं बघा, तुम्ही त्याला चहा देताना पाहिलं असेल. तो मेढ्याच्या वरच्या वाडीतला, इथं आयटीआयला आहे. आला तेव्हा त्याला एक सूर लागत नव्हता. आम्ही सरांना म्हटलंही, याला नको. सर म्हणाले, “माझ्याकडून कुणी परत जात नाही. कान तयार व्हायला वेळ लागतो, एवढंच.” त्यांनी त्याला वर्षभर यशराजच्या शेजारी उभं केलं. तालीम संपली की त्याला एकट्याला थांबवून एकेक सूर घटवून घ्यायचे. आज आमचा सगळा खालचा आवाज धुळावर उभा आहे. तो वाडीवर गेला की तिथली पोरं गोळा करून गाऊन घेतो. असे आमचे सर!

तुम्ही जेवत जा.

अबोली


सांगली, ३ ऑगस्ट

चि. अबोली,

तुझं पत्र उशीखाली ठेवते, सांगायला लाज वाटते. तुला वाटेल म्हातारी बहकली.

आमच्या खालच्या मजल्यावर त्रिशलाताई राहतात. मूळच्या कडेगावकडच्या, जैन, मोठ्या उरकाच्या. सोसायटीच्या गणपतीचे कार्यक्रम त्याच बसवतात. परवा जिन्यात म्हणाल्या, “काकू, एखादी कला-बिला हाय का न्हाई तुमच्याकडं? नाव घालू का?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “घाला. मी गाणं म्हणेन.”

एकटीच म्हणणार आहे. यांचंच गाणं. वर्षाच्या आत असं उभं राहावं का, हा प्रश्न होता. पण त्यांचंच गाणं आहे, त्यात काय वाईट? रोज सकाळी न्हाणीघरात नळ सोडून म्हणते. आपला आवाज आपल्याच कानाला ओळखीचा वाटत नाही, पण रोज थोडी भीड सोडतो आहे.

स्वानंदीला कळलं तेव्हा तिचा चेहरा पडला. म्हणाली, “आई, नको. कशाला?” मी तिला फटकन म्हणाले, “तुला गाण्यातलं काय कळतं? यांच्या समूहातली पहिल्या रांगेतली मुलगी मला छान म्हणते.” तिला लागलं असेल. अजून धड बोलत नाही. इतक्या वर्षांत मी लेकीवर कधी आवाज चढवला नव्हता.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी कार्यक्रम आहे. जमलं तर ये. तू समोर असलीस तर मला धीर येईल.

शरयूकाकू


सातारा, १४ ऑगस्ट

काकू,

तुमची दोन्ही पत्रं मी समूहात वाचून दाखवली. काकूंनी माफ केलं हे सगळ्यांना कळावं म्हणून. काकू गाणार आहेत, हे ऐकून मुलींनी टाळ्या वाजवल्या. धुळा तेवढा उठला.

“माइकची शिट्टी म्हंजी?” तो म्हणाला. “तू काकूंना काय लिवलंस?”

मी सांगितलं.

“आन छान म्हटलंत, ह्येबी लिवलंस?”

“मग काय लिहू? त्यांना किती बरं वाटलंय बघ.”

“आगं, त्या चारचौघांत हुब्या ऱ्हानार हायत. तुज्या शब्दावर.” मग तो सगळ्यांकडे बघून म्हणाला, “मी बी हसलो. मी न्हाई म्हनत न्हाई. पर आपण माइकला न्हवतो हसलो. काकूंना हसलो.”

तालीम झाली नाही. सगळे घरी गेले.

काकू, माइकनं शिट्टी मारली होती, पण ती गाणं सुरू व्हायच्या आधी. तेव्हा कुणीही हसलं नव्हतं. दुसऱ्या कडव्याला तुमचा आवाज आला. मोठा आवाज, आमच्या तिन्ही आवाजांच्या बाहेरचा, आणि ओळीच्या मागून येणारा. तुमचे डोळे मिटलेले होते. मला हसू आलं. ते मी दाबलं असतं तर दाबता आलं असतं. मी दाबलं नाही. मुकुल माझ्यानंतर हसला. त्याचं नाव मी पहिल्या पत्रात पुढे केलं, तेही खोटं.

तुम्ही खरं विचारलंत. आठवडाभर मी कागद समोर घेऊन बसले. परीक्षा कधीच संपल्या होत्या. शेवटी वाटलं, एक गोड शब्द लिहिला तर कुणाचं काय जातं? तुमचं दुःख हलकं व्हावं असं वाटत होतं, हे खरं आहे. पण त्याहून जास्त, आपली यातून सुटका व्हावी असं वाटत होतं.

तुम्ही छान म्हटलं नव्हतंत. सूर लागत नव्हता. तुम्ही स्वानंदीताईंना बोललात, तेही माझ्यामुळे.

माफी आता कुठल्या तोंडानं मागू?

अबोली


सांगली, २३ ऑगस्ट

अबोली,

मी स्वानंदी, शरयूकाकूंची मुलगी. आईनं तुझं पत्र वाचलं आणि माझ्या हातात दिलं. गाण्याच्या कार्यक्रमातून नाव काढून घेतलं. न्हाणीघरातला नळ आता फक्त अंघोळीपुरता सुटतो.

आईला सूर नाही हे मला लहानपणीच बाबांकडून कळलं होतं. त्यांनी ते तिला एकदा सांगितलं आणि तिनं ते आयुष्यभर पाळलं. मी नको म्हणत होते ते त्यासाठीच. तू पहिल्या पत्रात खरं लिहिलं असतंस तर तिला एकदाच लागलं असतं. आता दोनदा लागलं.

तिला सध्या पत्र पाठवू नकोस. तिला वाटलं तर ती लिहील.

स्वानंदी


सांगली, ५ ऑक्टोबर

अबोली,

रागात लिहायचं नाही म्हणून थांबले होते. राग गेलेला नाही, पण लिहिण्याइतपत निवला आहे.

तुम्ही हसलात त्याचा राग नाही. हसू येतं माणसाला. राग ‘छान म्हटलंत’ याचा आहे. मी तुला खरं सांग म्हटलं होतं. कुणाला असं विचारायला मला अडतीस वर्षं लागली होती.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी त्रिशलाताईंना फक्त ‘जमणार नाही’ एवढं कळवलं. गणपती गेल्यावर त्या वर आल्या. “काकू, नाव का काढून घेतलासा? घरी कोण काय बोललं का?” मी तुझं पत्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी सगळं वाचलं, घडी घातली, आणि म्हणाल्या, “एवढंच व्हय? आवं, आमच्या मंडळात निम्म्या बायका बेसूर हायत. देव काय पेटी लावून बघतोय का? दोन दांडग्या आवाजांच्या मधी हुभं ऱ्हावा. त्येंचं ऐकत ऐकत म्हणा. लय मोठ्यानं नको, लय हळू बी नको.” दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून घेऊनच गेल्या. बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, बायका जमतात, स्तवनं म्हणतात. मला त्यातलं काही येत नाही, नुसती सुरात सूर मिसळायला बघते. कधी मिसळतो, कधी नाही. कुणी वळून बघत नाही.

पण हे सांगायला मी लिहीत नाही. तुझ्या दुसऱ्या पत्रातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या वेळी मी ती कौतुकानं वाचली होती.

धुळा. एक सूर लागत नव्हता, आणि यांनी त्याला वर्षभर घेऊन बसवलं. कान तयार व्हायला वेळ लागतो म्हणाले. माझ्याकडून कुणी परत जात नाही म्हणाले. अबोली, त्या वेळी मी भिंतीपलीकडे होते. गाळणीतून चहा गाळत. धुळाला एकट्याला थांबवून ते एकेक सूर घटवून घ्यायचे तेव्हा मी पोळ्या लाटत असायची, आणि मनात म्हणायची, किती धीर आहे या माणसाला! मला एकदाही सुचलं नाही की हा धीर माझ्या वाट्याला दोन ओळींचाच आला होता.

गेलेल्या माणसावर, तेही इतक्या चांगल्या माणसावर, मी रोज रागावते आहे. फोटोला हार घालताना रागावलेली असते. कुणाला सांगायची सोय नाही. जो तो येतो नि त्यांची थोरवी सांगतो, आणि ती सगळी खरी आहे. मी मान हलवते नि मनातल्या मनात मेल्याहून मेली होते.

आणि तुझं काय करू? तू खोटं लिहिलंस आणि त्या खोट्यावर मी तीन आठवडे गायले. नळाखाली का होईना, पण गायले. लग्नानंतर तेवढेच दिवस. ते दिवस तुला परत करावेत की ठेवून घ्यावेत, मला ठरवता येत नाही.

नोव्हेंबरात साताऱ्याला येणार आहे. घर सोडायचं आहे, यांची पेटी, वह्या, सगळं आवरायचं आहे. सोमवार धरूनच येईन. गॅरेज कुठे आहे ते कळव.

शरयू


सातारा, १९ नोव्हेंबर

ती. शरयूकाकूंना,
नमस्कार.

परवा स्टँडवर गाडीत चढताना तुम्ही खिडकीतून विचारलंत, “कसं झालं गं?” मी गप्प राहिले. गाडी निघाली. आजूबाजूला माणसं होती, मुकुल शेजारी उभा होता, आणि खरं सांगितलं तर तुम्ही एवढा प्रवास तेच मनात घेऊन करणार, असं वाटलं. पुन्हा तोच भित्रेपणा. म्हणून आता लिहिते.

आधी दुसरं. तुम्ही शेडच्या दारात आलात तेव्हा आमच्यातल्या कुणाला तुमच्याकडे बघता येईना. यशराज उगाच एक चाक इकडून तिकडे करत राहिला. मुकुल पाया पडायला वाकला तो उठेचना. मी विचार करून ठेवला होता, तुम्हाला असं म्हणेन, तसं म्हणेन. त्यातलं काहीच बोलले नाही. तुम्हीच म्हणालात, “पेटी आणली आहे, उचलायला कोण येतंय?” आणि सगळे एकदम धावले. ही पेटी आम्हाला का दिलीत ते तुम्ही सांगितलं नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

मग तुम्ही धुळासमोर जाऊन उभ्या राहिलात. “धुळा, तूच ना तो?” म्हणालात. त्याला वाटलं तुम्ही रागावणार. तो म्हणाला, “व्हय काकू. मी बी हसलो व्हतो.” तुम्ही म्हणालात, “ते राहू दे. तुला शिकवलं तसं मला शिकवशील का?” तो पार गोंधळला. त्याचे कान लाल झाले. मग त्यानं तुम्हाला हाताला धरून आपल्या नि माझ्या मध्ये आणलं आणि म्हणाला, “माजं ऐका. घाई न्हाई.”

गाणं सुरू झालं. दुसरं कडवं आलं. काकू, आम्ही सगळे दगड झालो होतो. कुणाचा आवाज मोकळा नव्हता. तुमचा सूर सुटला, खाली गेला, पुन्हा वर गेला, आणि तुम्हीच हसलात! आधी थोडं, मग पदर तोंडाला लावून. गाणं थांबलं. आम्ही समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो. तुम्ही डोळे पुसत म्हणालात, “अरे, आता हसा की!”

आम्हाला हसता आलं नाही. मला तर रडूच येत होतं. तुम्ही वाट बघितलीत, एकेकाच्या तोंडाकडे बघितलंत, आणि मग म्हणालात, “बरं. पुन्हा पहिल्यापासून.” आम्ही पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. तुम्ही शेवटपर्यंत म्हटलंत. दारातल्या बायका कधी नव्हे त्या आत येऊन उभ्या होत्या.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. सूर लागला नाही. पहिलं कडवं संपूर्ण बाहेर होतं. ताल मात्र पूर्वीसारखा मागे पडत नव्हता, तो बऱ्यापैकी सावरलात. दुसऱ्या कडव्यात ‘साद देऊ’ या दोन शब्दांवर तुम्ही आमच्यात आलात. धुळाच्या सुराला तुमचा सूर नेमका टेकला. मी तुमच्या खांद्याला खांदा लावून उभी होते, मला चकवा झालेला नाही. धुळाला विचारलं, तोही तेच म्हणतो. त्यापुढची ओळ पुन्हा सुटली.

एवढंच लागलं, काकू. पण तेवढं लागलं.

तुमची,
अबोली